साक्षीदार ब

उज्वलाच्या खाणावळीला पाटी नाही. साजगावात कंपन्यांच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड दिसते, पुढे चपलांचा ढीग दिसतो आणि आतून फोडणीचा ठसका येतो, तीच खाणावळ. कंत्राटावरची पोरं तिथं जेवतात. कुणी जळगावकडचा, कुणी नांदेडचा, पण उज्वला सगळ्यांची काकू. कुणाला डाळ पातळ लागते, कुणाला मिरची सोसत नाही, हे तिला तोंडपाठ. नवरा नरेश रोह्याला वॉचमन, आठवड्यातनं एकदा घरी येतो. तोवर शेड, चूल आणि ती पोरं हिच्या एकटीच्या अंगावर.

तिची दुसरी ओळख विहारातली. माहेर दहिवलीचं, बाप रेल्वेत गँगमन. त्यानं भावांच्या बरोबरीनं तिलाही दहावीपर्यंत शिकवली. सासरी आली त्या वर्षापासून वर्षावासातलं ग्रंथवाचन तिच्याकडे आलं. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, आश्विनातल्या पौर्णिमेला समाप्ती. रोज संध्याकाळी खाणावळीची भांडी पालथी घालायची, पांढरं पातळ नेसायचं आणि विहारात जाऊन बसायचं. आधी पंचशील. ती म्हणणार, तिच्या मागून सगळी बायामाणसं म्हणणार. मग वाचन. तिनं वाचायला घेतलं की पेंगणारी म्हातारीसुद्धा डोळे उघडायची.

"उज्वलानं वाचलं ना, की समजतं गं," असं सगळ्यांच्या आधी म्हणायची ती तिची थोरली जाऊ, जिजा.

जिजा शाळेची पायरी कधी चढली नाही. नवरा लवकर गेला. तिनं दुसऱ्यांच्या भातलावणीला जाऊन, विटा वाहून एकुलता पोरगा वाढवला, कपिल. उज्वला नवी नवरी होऊन आली तेव्हा चूल कशी पेटवायची इथपासून जिजानंच शिकवलं. तिची दोन्ही बाळंतपणं जिजानंच काढली. त्या बदल्यात म्हणा, कपिल निम्मा उज्वलाच्या मांडीवर वाढला. आई कामाला गेली की काकूच्या हातची पेज प्यायची आणि काकूच्याच पदराला तोंड पुसायचं.

तोच कपिल पुढे कंपन्यांच्या गेटवर उभा राहायला लागला. आधी मंडळाची वर्गणी म्हणून, मग नुसताच. पगाराच्या दिवशी बाहेरगावच्या पोरांना अडवायचं, खिसा चाचपायचा. त्यांनी तक्रार कुणाकडे करायची? कंत्राटदार म्हणणार, गाववाल्यांशी भांडू नका. जिजाला कुणी काही सांगायला गेलं की ती म्हणायची, "वयात आलेलं पोर हाय, चार पोरांत उठतं-बसतं. तुमाला काय बघवत नाय का?"

एक दिवस ऐन जेवणाच्या वेळेला तो खाणावळीत शिरला. योगेंद्र नावाचा जळगावकडचा पोरगा ताटावर बसला होता. गरीब, मान खाली घालून जेवणारा. कपिलनं पैसे मागितले, योगेंद्र म्हणाला, घरी पाठवले. एवढ्यावरनं कपिलनं त्याच्या कानफटात मारली, खाली पाडून लाथा घातल्या, आणि जाताना डाळीचा टोप उलटा केला. उज्वला मध्ये पडली तर म्हणाला, "काकू, बाजूला हो. तुझ्यावर हात नाय टाकायचा मला." पोरं भिंतीला चिकटून उभी. कढत डाळ चपलांपर्यंत वाहत गेली.

उज्वलानं जिजाला फक्त एवढंच सांगितलं, "पोरांची बाचाबाची झाली."

पण पोलीस ठाण्यातला एक हवालदार कुठूनसा वास काढत आला. एकदा आला, पुन्हा आला. "बाई, जबाब द्या. तुमचं नाव कुठं येत नाही. कागदावर नुसतं साक्षीदार ब लिहितात. त्याच्या बापालाही कळणार नाही." तिसऱ्यांदा आला तेव्हा तिच्या डोळ्यासमोर योगेंद्रचं तोंड होतं. ती बोलली. घडलं तेवढं बोलली. हवालदार म्हणाला, मी ठाण्यात बसून नीट लिहून आणतो. दुसऱ्या दिवशी आणलं. उज्वलाचे हात भाकरीच्या पिठात, तव्यावर भाकरी, बाहेर पोरं ताटं वाजवत होती. तिनं पदराला बोटं पुसली आणि दाखवलं तिथं सही केली.

गावाला ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या बाईनं स्वतःचा जबाब मात्र वाचला नाही.

आणि थोड्याच दिवसांत पहाटे जीप आली आणि कपिलला घेऊन गेली. जिजाला वाटलं, नेहमीसारखा जामीन होईल. पण हे नेहमीचं नव्हतं. जिल्ह्यातून स्थानबद्धतेचा आदेश निघाला होता. धोकादायक व्यक्ती म्हणून एक वर्ष आत. खटला नाही, जामीन नाही, पोरगा घाटावरच्या तुरुंगात.

जिजा रात्रभर रडली आणि सकाळी उज्वलाच्या दारात उभी राहिली. "तू चल गं माझ्याबरोबर वकिलाकडं. मला त्यातलं काय कळतं? तू शिकलेली, तू वाचशील."

नाही कसं म्हणणार? उज्वलानं चपला घातल्या.

विनिता वकीलबाई खालापूरच्या कोर्टाजवळ बसायच्या, आठवड्यातनं दोनदा मुंबईला हायकोर्टात जायच्या. तोंडानं फटकळ, पण समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, "याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. म्हणजे आपण हायकोर्टाला सांगायचं, माझा माणूस सरकारनं धरून ठेवलाय, कशाच्या आधारानं धरलाय ते सरकारनं तुमच्यापुढं दाखवावं. आधार कच्चा निघाला तर सोडावं लागतं. अर्ज आईच्या नावानं करू. जिजाबाई विरुद्ध महाराष्ट्र शासन."

जिजा घाबरली. "सरकारच्या विरुद्ध माझं नाव? घरावर काय येणार नाय ना, बाई?"

"काही येत नाही. सही येते का?"

"साक्षरतेच्या वर्गात शिकले होते. ही मागं लागली म्हणून." जिजानं उज्वलाकडे बोट दाखवलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

मग वकीलबाईंनी आदेशाबरोबरचे कागद काढले. "हा आदेश दोन गुप्त जबाबांवर उभा आहे. साक्षीदार अ आणि साक्षीदार ब. नावं देत नाहीत. अ म्हणतो खोपोलीच्या बाजारात त्रास दिला. आणि हा ब." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या उठून बाहेर गेल्या.

जिजानं कागद उज्वलाच्या पुढे सरकवला. "तू वाच गं. तुझं वाचलेलं मला समजतं."

उज्वलानं चष्मा लावला. तिला वाटलं, डोळे दुखतात असं सांगावं. पण जिजा हनुवटीला हात लावून, विहारात बसते तशीच, तिच्या तोंडाकडे बघत बसली होती.

उज्वला वाचू लागली. "सदर इसम कपिल याने कंपनीच्या गेटसमोर सार्वजनिक रस्त्यावर हातात सुरा घेऊन एका कामगारास अडविले व मारहाण केली. 'माझ्या नादी लागाल तर कोथळा काढीन' असे तो मोठमोठ्याने ओरडत होता. आजूबाजूच्या दुकानदारांनी भीतीने शटर ओढून घेतली. लोक सैरावैरा पळू लागले. सदर इसमाच्या दहशतीमुळे मी उघडपणे तक्रार देण्यास धजावत नाही."

सुरा कुठला? रस्ता कुठला? मार तर शेडमध्ये झाला होता. आणि शटर? गेटसमोर दुकान म्हणजे सोनुबाईची चहाची टपरी, तिला फडकं बांधतात, शटर कुठून येणार? उज्वलाचा आवाज मात्र सवयीनं स्वच्छ निघत राहिला. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

जिजानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "सुरा? माझ्या पोराला कोंबडी कापता येत नाय. कोण गं हा मेला ब? माझ्या कपिलनं त्याचं काय खाल्लं होतं? एकुलत्या पोराच्या आईचा तळतळाट लागंल त्याला. अन्न गोड नाय लागणार."

"ताई, पाणी प्या," उज्वला म्हणाली.

"गेटसमोर," जिजा पुटपुटली. "गेटसमोर म्हंजे सोनुबाईच. दुसरं कोण बसतंय तिथं दिवसभर?"

उज्वलानं कागद घडी घालून टेबलावर ठेवला. बोलायची तीच वेळ होती. ती गेली.

नरेश घरी आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "झालं ते झालं. आता तोंड मिटून बस. भावजयीला कळलं तर घराचं काय राहील?"

जिजा दुसऱ्याच दिवशी गेटवर गेली. पाळी सुटायची वेळ, टपरीवर गर्दी. जिजानं सगळ्यांपुढे कमरेला हात लावला. "कायगं सोनुबाय, चहा विकून भागत नाय वाटतं, आता पोरं विकतेस पोलिसांना?"

सोनुबाईनं गाळणी तशीच हातात धरली. "जिजा, तोंड सांभाळ हां. मला बोलायचं असतं तर तुझ्या पोराच्या तोंडावर बोलले असते. मी काय पाठीमागनं बोलणारी बाय हाय का? इचार या समद्यांना."

"मग शटर कुणाचं ओढलं गं?"

"कसलं शटर? आगं माझ्या टपरीला दार नाय!"

लोक हसले, पण शिक्का बसला. बौद्धवाड्यातल्या बायका सोनुबाईला जयभीम घालीनाशा झाल्या. रिकामटेकडी पोरं टपरीवर येऊन म्हणायची, "दोन कटिंग, ब-च्या हातच्या." सोनुबाई तिखट तोंडाची, दोनदा तिनं शिव्या घातल्या. मग शिव्याही बंद झाल्या. भाकऱ्या न्यायला ती उज्वलाकडे यायची तेव्हा दारातच उभी राहायची. "बघ ना गं उज्वला, मी कुणाचं घोडं मारलं? तू तरी सांग तुझ्या जावेला. तुझं ऐकते ती."

"सांगते," उज्वला म्हणायची आणि भाकऱ्यांवर दोन जास्तीच्या ठेवायची.

वर्षावास चालू होता. संध्याकाळी पांढरं पातळ नेसून ती बसायची. पहिल्या तीन शीलांना आवाज लागायचा. चौथ्याला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन या शीलाला, जीभ टाळूला चिकटायची. ती खोकल्याचं निमित्त करायची, आणि मागच्या बाया ते शील आपापसात म्हणून पुढे जायच्या. एका संध्याकाळी जिजानंच काळजीनं विचारलं, "घसा बसला का गं? काढा करून देऊ?" त्या रात्री काढ्याचा तांब्या घरी आला. उज्वलानं तो मोरीत ओतला. प्यायची तिची हिंमत झाली नाही.

तिची खरी गाठ वेगळीच होती. खोटं लिहिलं हवालदारानं, हे खरं. पण कपिलला धरावं असं त्या दिवशी तिला मनापासून वाटलं होतं, हेही खरंच. नुसती फसवली गेली असती तर तिनं केव्हाच जिजाच्या गळ्यात पडून सांगितलं असतं.

काही आठवड्यांनी वकीलबाईंनी दोघींना बोलावलं. सरकारचं उत्तर आलं होतं. बाई वाचून म्हणाल्या, "इथं आपली अडचण आहे. असे गुप्त जबाब खरे आहेत की नाहीत, हे वरच्या अधिकाऱ्यानं स्वतः साक्षीदाराला भेटून पडताळावं लागतं. मला वाटलं होतं तिथं त्यांना पकडू. पण साहेबांनी शपथेवर लिहिलंय, मी स्वतः दोन्ही साक्षीदारांना भेटलो, बोललो, माझी खात्री पटली."

"कोणी साहेब आला नव्हता," उज्वला म्हणाली.

वकीलबाईंनी मान वर केली. "तुम्हाला काय माहीत?"

जिजा आधी वकीलबाईंकडे बघत होती, मग हळूच तिची मान वळली.

"नुसता हवालदार आला होता," उज्वलानं टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं. "मी पिठाच्या हातानं सही केली. वाचलं नाय. सुरा नव्हता. रस्ता नव्हता. माझ्या शेडमध्ये झालं ते."

जिजानं आपल्या पिशवीचे बंद मुठीत धरले, सोडले, पुन्हा धरले. उज्वलाला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "प्रतिज्ञापत्र द्याल? पण समजून घ्या. तुमचं नाव उघड होईल. सरकारी वकील म्हणतील, घरचीच बाई आहे, फितवली. आणि तो सुटून आला तर त्याला कळेल, ब कोण ते."

"देते."

"एवढंच लिहू मग. साहेब भेटले नाहीत, सुरा नव्हता, रस्त्यावर झालं नाही."

तेव्हा जिजा बोलली. आवाज अगदी खाली होता. "त्या पोराला मारलं का त्यानं?"

"मारलं, ताई."

"लय?"

"खाली पाडून."

"मग ते पण लिही."

"जिजाबाई, ते कशाला?" वकीलबाई म्हणाल्या. "आपल्याच अर्जात आपल्याच विरुद्ध?"

"लिवा, बाई. ही रोज माझ्यापुढं बसून म्हणते, खोटं बोलणार नाय. आमी तिच्या मागनं म्हणतो. आता अर्धं लिहून काय करणार?" जिजानं उज्वलाकडे बघितलंच नाही. "तुझं तू वाचून सही कर या टायमाला."

उज्वलानं वाचलं. प्रत्येक ओळ वाचली. मग सही केली. परतीच्या टमटममध्ये दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली, आणि पुढच्या स्टॉपला एक माणूस खरंच येऊन बसला. दोघींनाही सुटल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून उज्वला विहारात गेली नाही. वाचन दुसऱ्या एका मुलीकडे गेलं. घसा बसलाय, एवढंच लोकांना ठाऊक.

हायकोर्टाच्या तारखेला जिजा वकीलबाईंबरोबर गेली. उज्वलाला कुणी चल म्हटलं नाही. संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. तुमच्या कागदामुळे न्यायाधीशांनी मूळ फाईल मागवली, त्या म्हणाल्या. जबाबाखाली साहेबांची सही होती. पण भेट कधी झाली, कुठं झाली, साक्षीदाराला काय विचारलं, याचा एक शब्द नव्हता. आदेश रद्द. मुलगा सुटतोय. उज्वलानं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तिला आनंद झाला की भीती वाटली, हे तिला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, सोनुबाई स्टोव्ह पेटवत होती तेव्हाच उज्वला टपरीवर गेली. "सोनुबाय, ती ब तू नाय, मी. माझ्यामुळं तुला ऐकावं लागलं."

सोनुबाईनं काडी विझू दिली. "जिजा मागंच येऊन गेली," ती म्हणाली. "म्हणली, माझी चूक झाली, तुझा कायपण हात नाय. मी इचारलं, मग कोण? तर म्हणली, ते मला माहीत नाय."

उज्वला बाकड्यावर टेकली.

"आता मी काय करू गं?" सोनुबाई म्हणाली. "तिनं झाकलंय, तू उघडतेस. माझ्या तोंडाला झाकण नाय, तुला ठाऊक हाय. चार माणसांत मला शिव्या पडल्या, ते चार माणसांत निघायला पाहिजे का नको?"

"पाहिजे," उज्वला म्हणाली.

"मग मी बोलणार. चहा घे. पैशे दे पण, फुकट नाय."

पहिली पाळी सुटेपर्यंत साऱ्या साजगावाला कळलं.

कपिल आला. त्याची दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी शेडच्या दारात येऊन उभा राहिला. उज्वला कणीक मळत होती.

"आई म्हणते, काकूला काय बोलायचं नाय," तो म्हणाला. "म्हणून बोलत नाय." आणि गेला. कुणी म्हणतं तो शेलूला नव्या बिल्डिंगच्या कामावर लागला, कुणी म्हणतं पुन्हा गेटावर दिसेल. जिजा समोरून आली तर थांबते, "जेवलीस का?" विचारते आणि उत्तराला न थांबता पुढे जाते. पूर्वी ती उत्तर मिळाल्याशिवाय हलायची नाही.

कपिल दारात येऊन गेला त्याच दुपारी योगेंद्र वेळेवर जेवायला आला नाही. सगळ्यांची जेवणं निम्म्यावर आली तेव्हा तो पाळीवर न्यायचा डबा धुऊन घेऊन आला आणि कट्ट्यावर ठेवला.

"काकू, उद्यापासून माझं जेवण धरू नका."

"का रं?"

"तुमच्या कागदावर सुटला म्हणे तो."

"तुला मारल्याचंही लिहिलंय मी त्यात," उज्वला म्हणाली.

"लिहिलं असेल. सुटला ना पण." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "मला पाळीवरनं रात्रीचं त्याच रस्त्यानं यावं लागतं. ठाण्यात मी गेलोच नव्हतो. हवालदार इथं येऊन गेला तेव्हा मला वाटलं, काकू बोलल्या, आपल्या वतीनं कुणीतरी बोललं. त्यावर राहिलो होतो मी."

उज्वलाचे हात पिठात तसेच राहिले. तिनं मान खाली घातली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "चुकलं रे माझं."

योगेंद्रनं डोकं वळवून दुसरी बाजू तिच्याकडे केली. "काय? या कानानं नीट येत नाही आता. जरा मोठ्यानं बोला."

पोरांचे घास थांबले. सगळी तिच्याकडे बघत होती.

"माझं चुकलं," उज्वला मोठ्यानं म्हणाली. "आधी न वाचता सही केली ते. मग गप्प बसले ते. आणि शेवटी बोलले तेव्हा तुला विचारलं नाही, ते."

योगेंद्रनं ऐकलं. मान हलवली, पण ती कशासाठी हे कळलं नाही. तो चपला शोधायला वाकला. ढिगात त्याची एक चप्पल सापडेना. उज्वला उठली, पिठाच्या हातानंच चार चपला बाजूला केल्या आणि त्याची काढून त्याच्या पायापुढे ठेवली. त्यानं पाय मागे घेतला, "अहो काकू, नका," म्हणाला, आणि ती तशीच वाकलेली राहिली.